दहापैकी दहा

एप्रिलची अकरा तारीख. सकाळपासून कांदा निवडतेय. काढणी झाली, पात कापून झाली, आंब्याच्या सावलीत ढीग चार दिवस सुकला. आता चांगला तेवढा बराखीत भरायचा. बराख म्हणजे बांबू-तट्ट्यांची लांबट, हवेशीर चाळ. तिच्यात कांदा दिवाळीपर्यंत राहतो, राहिला तर. निवडायचं काम मी कुणावर सोडत नाही. जाड मानेचा लवकर सडतो, तो बाजूला, जोडकांदा बाजूला, खुरप्याचा घाव लागलेला बाजूला. हात काळे होतात, नखांत माती जाते, केसांत टरफलं अडकतात. दिवसभर नाकात तोच उग्र, थोडासा गोड वास.

समोर हिराबाई बसली होती, आमच्याकडे दहा-बारा वर्षं कामाला येणारी. तिच्या मागे उसाचा पट्टा आणि उसाच्या शेंड्यांवरून दिसणाऱ्या खोडदच्या दुर्बिणीच्या पांढऱ्या तबकड्या. त्या पट्ट्यातल्या वाटेनं संतोष, माझे धाकटे दीर, मोटारसायकल दामटत आले. मोबाइल हातातच होता.

"वहिनी, दोन नंबर आला."

यात्रांचे दिवस आहेत. संतोष भावजींची शर्यतीची बैलं आहेत, घरातला अर्धा चारा तीच खातात. शर्यतीच्या धावेला आमच्याकडे घाट म्हणतात. मी विचारलं, "कुठल्या घाटात?"

"घाटात न्हाई वो. शाळेचा. आर्याची शाळा, देशात दोन नंबर. आजच यादी आली."

हिराबाईनं मान वर केली. "शाळंला बी नंबर असतो व्हय?"

"मंग? समद्याला असतो."

"आमच्या आश्रमशाळेचा कितवा?"

भावजी हसले. "तिचा कोन काढतंय, हिराबाई."

"न्हाई, माझी नात हाय तिथं, म्हनून इचारलं."

हिराबाईनं पुढचा कांदा उचलला.

आर्या, भावजींची मुलगी, अकरा वर्षांची आहे. गावातली शाळा पाचवीपर्यंत. पुढे रोज तीन किलोमीटर जायचं, त्यातला निम्मा रस्ता उसातून. गेल्या महिन्यात त्याच रस्त्यावरून बिबट्यानं वस्तीवरचं कुत्रं भरदिवसा उचललं. पोरीला वसतिगृहात ठेवायचं हे घरात सगळ्यांना मान्य आहे, मलाही. प्रश्न कुठल्या, एवढाच आहे. आणि तो प्रश्न भावजींच्या मते यादीनं सोडवलाय. डोंगरावरच्या त्या शाळेत आर्याची निवड झालीय. होकार कळवायची मुदत उद्या संध्याकाळपर्यंत.

त्यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. माझे हात मातीचे, म्हणून तेच वर सरकवत होते. शैक्षणिक दर्जा. क्रीडा. शिस्त. नेतृत्वगुण. पालकांशी संवाद. मुलांचं आरोग्य व काळजी. प्रत्येकापुढे आकडा, तोही दशांशासकट. पालेभाजीची जुडी काट्यावर ठेवून ग्रॅम सांगावेत तसा.

ती यादी बघून मला शिसारी आली. शब्द जड आहे, पण दुसरा बसत नाही. न्हाणीघराच्या मोरीत हात घातल्यावर बोटांना जे लागतं, तसं ते वाटलं. कारण हे दशांश कुठून येतात ते मला माहीत आहे. त्यातले काही मी स्वतः घातलेत.

असाच एप्रिल होता, अकरा वर्षांपूर्वीचा. असाच ढीग आंब्याखाली पडलेला. तो सोडून आम्ही दोघं नवरा-बायको पहाटे निघालो होतो, कारण शाळेचा भेटीचा रविवार होता. माझी सायली त्याच शाळेत होती. तेव्हा शाळेचा तिसरा नंबर होता. लेकीला तिथे राहायला जाऊन दहा महिने झाले होते.

त्या शाळेचा वास मला अजून येतो. नुकत्याच कापलेल्या हिरवळीचा, फिनेलचा, आणि त्याखाली कुठेतरी न वाळलेल्या कपड्यांचा. हिरवळीवर पाय ठेवायला मुलांना बंदी होती. ती फक्त आम्हाला बघायला होती. गाड्या एका ओळीत लावलेल्या, पालक एकमेकांच्या गाड्या बघतायत. मी डब्यात पुरणपोळ्या नेल्या होत्या. फाटकावरच्या माणसानं डबा ठेवून घेतला. बाहेरचं खाणं नियमात बसत नव्हतं.

सायली आली तेव्हा तिच्या एका पायाचा मोजा घोट्यावर गोळा झालेला होता. उजव्या टाचेला रुमाल बांधलेला. मी खाली बसून सोडला तर गळू पिकलेलं, वास मारत होतं.

"कधीपासून आहे?"

"ठीक आहे."

"औषध लावलं कुणी?"

"ठीक आहे गं."

तेवढ्यात सगळ्या पालकांना सभागृहात बोलावलं. गुळगुळीत कागदाचे छापील फॉर्म वाटले, सोबत पेन, तेही शाळेच्या नावाचं, आणि एकेक सँडविच. व्यासपीठावरच्या बाईंनी फार गोड आवाजात सांगितलं की हे सर्वेक्षण बाहेरच्या लोकांचं आहे, आमचा त्यात काही हात नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा, शाळेचा नंबर तोच तुमच्या मुलाचा नंबर. मग त्या रांगांमधून फिरायला लागल्या. पर्यवेक्षकासारख्या, पण हसऱ्या.

माझ्या शेजारी नारायणगावच्या एका किराणा व्यापाऱ्याची बायको बसली होती, पूनमताई. तिची निधी आणि आमची सायली एकाच खोलीत, शेजारशेजारच्या कॉटवर. पूनमताईनं झरझर सगळीकडे दहा लिहिले आणि माझ्या कागदात डोकावली.

"अहो, अडलात कुठे?"

"आरोग्य आणि काळजी," मी म्हटलं.

"लिहा की दहा. आपण ज्या गाडीत बसलोय तिचं चाक आपणच कशाला काढायचं?"

सायली माझ्या खुर्चीला टेकून उभी होती. एका पायावर, कारण दुसरा टेकवत नव्हता. त्या रुमालाचा वास मला बसल्या जागी येत होता. मी दहा लिहिला. व्यवस्थित, गोल शून्याचा दहा. खाली सही केली. फिरणाऱ्या बाई माझ्याजवळ आल्या, कागद बघितला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून पुढे गेल्या.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ह्यांनाही नाही, ते तेव्हा बाहेर गाडीपाशी कुणाशी तरी कांद्याच्या भावावर बोलत होते.

निघताना गाडीजवळ सायली म्हणाली, "मला घरी यायचंय. सुट्टीला नाही. कायमचं." रडली नाही. रडली असती तर कदाचित मी ऐकलं असतं. मला रडणं कळतं. तिनं ते दूध संपलंय सांगावं तसं सांगितलं. मी म्हटलं, वर्ष काढ, मग बघू. आणि जाताजाता शाळेच्या दवाखान्यात ते गळू दाखवलं, एवढं मात्र केलं.

परतताना गावाच्या स्टँडवर गाडी वळली की समोर तो फ्लेक्स यायचा. दहा महिन्यांपूर्वी लावलेला, उन्हानं विटलेला. आमच्याकडे पोरगं नवोदयला लागलं, पोलिसात भरती झालं, बैल पहिल्या नंबरात आला, की फ्लेक्स लागतो. सायलीचाही लागला होता. फोटोत तिला कोट, डोक्यावर चौकोनी टोपी, दोन्ही फोटोवाल्याकडचे. मागे सोनेरी महिरप. "देशातील तिसऱ्या क्रमांकाच्या निवासी शाळेत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन." आणि खाली शुभेच्छुकांची तोंडं, बावीस, त्यातल्या निम्म्यांना काळे चष्मे. त्यातले चारजण तरी मला आजही ओळखता येणार नाहीत.

त्या मे महिन्यात सायली सुट्टीला घरी होती तेव्हा तिनं आणखी दोनदा विचारलं. पहिल्यांदा माझ्यासोबत कांदा निवडताना, दुसऱ्यांदा भाकरी खाताना. ह्यांचं मन जरा हललं होतं. मीच म्हणाले, "आता परत आणली तर त्या बावीस जणांना काय सांगायचं?" वाक्य माझं आहे. मी ते मोठ्यानं, सगळ्यांदेखत बोलले आणि सगळ्यांना पटलं. लेकीला पायाच्या गळवासकट एका फ्लेक्सवर टांगून ठेवलं आम्ही, दहावीपर्यंत.

त्या वर्षी शाळा तिसऱ्याची दुसरी झाली. मुख्याध्यापकांचं आभाराचं पत्र आलं. "आपल्या विश्वासामुळे."

सायलीचं वाईट काही झालं नाही, हेही सांगायला हवं, नाहीतर खोटं होईल. मार्क चांगले पडले, पुण्यात बँकेत आहे, स्वतःचं भागवते. घरी आली की जेवायला बसते आणि मी दुसरी भाकरी तव्यावर टाकेपर्यंत तिचं ताट रिकामं असतं. शाळेत घंटेवर जेवायची सवय. आणि काही विचारलं की म्हणते, ठीक आहे. तो सूर मी ओळखते.

दुपारी संतोष भावजी गेल्यावर मी हात धुऊन तिला फोन लावला. तिची जेवणाची सुट्टी असते. म्हटलं, आर्याचं असं असं चाललंय, तुला काय वाटतं?

"शाळा वाईट नाही गं," ती म्हणाली. "माझी नव्हती, एवढंच. निधीला विचार. ती अजून त्या डोंगराचे फोटो टाकते. तिला घंटा आवडायची, परेड आवडायची, सगळ्यांत पुढं उभं राहायला आवडायचं. तिला दर वर्षी बक्षिसाचे दोन कप मिळायचे. मी तिथे रोज फक्त दिवस मोजायचे."

मी म्हटलं, "माझं चुकलंच तेव्हा."

ती म्हणाली, "तो फॉर्म भरलास ना, तेव्हा मी बघत होते. मला वाटलं, आईनं दहा दिलेत म्हणजे दुखणं बहुतेक मलाच जास्त वाटतंय." मग म्हणाली, सुट्टी संपली, ठेवते. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी परत ढिगाशी येऊन बसले. दोन-तीन कांदे हातातून जाऊ दिले असतील मी, हिराबाईनंच ते परत काढले. "वैनी, मान बगा की."

या सगळ्या याद्या बनवणाऱ्यांचा मला राग नाही. ते धंदा करतात. राग आहे तो आमच्यासारख्यांचा. आम्ही जमीन घेताना विहिरीचं पाणी चाखून बघतो, सोयरीक करताना चार गावांत चौकशा करतो, म्हशीचं तोंड उघडून दात बघतो. आणि पोरगी पाच वर्षं दुसऱ्याच्या छपराखाली ठेवायची तेव्हा एक आकडा वाचून मोकळे होतो. तिथे रात्री दिवे कोण घालवतं, ताप आला तर कोण उठतं, पोरगी हळू बोलणारी असेल तर तिचं वाक्य संपेपर्यंत कुणी थांबतं का, यातलं एकही त्या यादीत नसतं. असूही शकत नाही. आणि असलं तरी माझ्यासारखी कुणीतरी तिथे दहा लिहील.

आर्या हळू बोलणारी आहे. एक गोष्ट सांगायला घेतली की मध्ये गोठ्यातून, ओढ्यावरून, शेजारच्या वस्तीवरून फिरून येते, पण येते. प्रवेशपरीक्षेच्या क्लासनं तिला मुलाखतीची चाळीस उत्तरं पाठ करून दिली होती. "मला समाजाचे नेतृत्व करायचे आहे." ती पोरगी वासराला पाजताना हे पुटपुटायची. ऐकून अंगावर काटा यायचा, चांगल्या अर्थानं नव्हे.

चार वाजता ती आली आणि माझ्याशेजारी पोत्यावर बसून टरफलं काढायला लागली. मी सरळ विचारलं, "तुला जायचंय का त्या शाळेत?"

तिनं बराच वेळ घेतला. मी थांबले.

"पप्पांना जायचंय," ती म्हणाली.

दिवस कलताना मी गोठ्यात गेले. भावजी नव्या खोंडाला खरारा करत होते. देखणं जनावर आहे, कोसा रंगाचं, कान सतत हलणारे. त्याचा बाप या भागात चार वर्षं नंबरात होता. मी विचारलं, "याला यंदा पळवणार का?"

"औंदा न्हाई. पुढच्या सालीबी बगू."

"का? बाप तर नंबराचा होता."

"वहिनी, बापाचं काय घिऊन बसलाय. ह्यो बुजरा हाय. जोडीला कोन जुपायचा, घाट कसला, गर्दी सोसती का, समदं बगावं लागतं. आदी दोन-चार घाटांवर नुसता नेऊन हुबा करायचा. घाईनं जुपला आन एकदा का बुजला, तर जन्माचा बाद."

"आणि आर्याला कुठे नुसती नेऊन उभी केलीत?"

त्यांचा हात थांबला. खोंडानं मान वळवून बघितलं.

"पोरगी म्हंजी बैल हाय का वहिनी."

"नाही ना. बैलासाठी दोन वर्षं थांबताय."

मग मी त्यांना तो फॉर्म सांगितला. गळू, रुमाल, दहा, सही, सगळं. मी काही आवाज खाली केला नव्हता. दारात माझी जाऊ रोहिणी, आर्याची आई, उभी होती, तिनंही ऐकलं. भावजी खरारा हातात धरून ऐकत राहिले.

"म्हंजी त्यो जो नंबर हाय..."

"त्यात थोडा माझा आहे."

"आन ह्या सालच्यात?"

"या सालच्यात दुसऱ्या कुणाच्या तरी आईचा असेल."

ते खाली बघत म्हणाले, "फ्लेक्सचं डिझाइन दिलंय वहिनी. जुन्नरला. निवड झाल्यापासनं पोरं मागं लागलीत."

"किती तोंडं आहेत?"

"पस्तीस-चाळीस आसतील."

रोहिणी दारातून म्हणाली, "ताई, मला तर कुणी विचारलंच नाही. मी म्हटलं, एवढी चाळीस माणसं म्हणतायत तर असेल चांगलं."

"मंग करायचं काय?" भावजी जरा चढ्या आवाजात बोलले. "हितं ठिवायची? उसातनं पाठवायची रोज?"

"नाही. वसतिगृहातच ठेवायची. पण आधी बघून, आणि तिला सोबत नेऊन. घोडेगावच्या वाटेवर ती मुलींची शाळा आहे, आपला कांदा जातो तिथे. भटारखान्यातली बाई एकेक पोतं उघडून मान दाबून बघते आणि दोन पोती परत पाठवते. मला तिचा दरवर्षी राग येतो. तिथून सुरू करू."

"तिचा कितवा..." ते बोलता बोलता थांबले.

"तिचं नाव कुठल्याच यादीत नाही. न्हाणीघराच्या दोन दारांना कड्या नाहीत, तेही सांगते. आणि आर्याला ती आवडेलच असंही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हिराबाईला ढीग सांभाळायला सांगितला आणि आर्या, रोहिणी, मी साडेआठच्या एसटीनं निघालो. पिकअप कांद्यात अडकली होती. गाडी सुटता सुटता संतोष भावजी चढले, इस्त्रीचा शर्ट घालून. मागच्या सीटवर जाऊन बसले.

शाळेत मी मुख्याध्यापिकेच्या खोलीत गेले नाही. तिथे गेलं की चहा येतो आणि माहितीपत्रक येतं. आर्याला म्हटलं, हवं तिथं फिर, हवं त्याला विचार, आम्ही इथे पारावर आहोत. ती एकटी गेली. भावजी दहा मिनिटं बसले, मग उठले, आणि मी नवा घाट बघायला गेलेला माणूस पाहावा तसं त्यांना बघत राहिले. त्यांनी कुंपण हलवून बघितलं. पाण्याच्या टाकीचं झाकण उचललं. खोल्यांच्या खिडक्या मोजल्या. मग भटारखान्याच्या दारात उभं राहून त्या बाईला विचारलं, "मावशी, रात्री एखादी पोरगी रडाय लागली तर कोन उठतं?"

ती पीठ मळत होती. "आदी शेजारची उठती. मंग ती मला उठवती. शेजारची न्हाई उठली तर मंग दुसऱ्या दिशी दोघींची जागा बदलायची."

भावजी पाराशी आले आणि बसले.

आर्या तासाभरानं परतली. बसली, आणि तिच्या पद्धतीनं सांगायला लागली. विहिरीपासून सुरू केलं, मग एक पोरगी जिला सहा बोटं आहेत, मग गणिताच्या बाई, ज्यांनी तिला फळ्यावर बोलावलं आणि घाई केली नाही, मग कड्या नसलेली दोन दारं. आम्ही तिघांनी तिला मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाली, "बरी हाय. पन हितं एकबी जनावर न्हाई."

भटारखान्यातली मावशी दारातून ऐकत होती. तिनं सांगितलं, डिंभ्याकडे एक शाळा आहे, लहान, तिथे गोठा आहे, पोरी दूध काढतात.

"ती बगायची?" आर्यानं विचारलं. मला नाही, तिच्या बापाला.

भावजींनी घड्याळ बघितलं. डिंभ्याला जाऊन यायचं म्हणजे संध्याकाळ. होकाराची मुदत त्यातच संपणार होती. त्यांचा मोबाइल दोनदा वाजला, डोंगरावरच्या शाळेच्या कार्यालयाचा नंबर होता. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यांनी तो बंद करून शर्टाच्या खिशात टाकला आणि म्हणाले, "चला."

डिंभ्याची गाडी वेळेवर येत नाही. आम्ही चौघं फाट्यावर सव्वा तास उभे राहिलो.